चादर वाळेना

प्रिय आई,

रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही. त्यामुळे अक्षर नेहमीपेक्षाही वाईट आलंय. तुला जो कोणी हे वाचून दाखवतोय त्याने जरा सांभाळून घ्यावं. झोप का नाही ते आधी सांगते. काल संध्याकाळी रेडिओवर म्हणाले की आमच्या डोक्यावर बसलेली उष्णतेची लाट हलली आणि तुमच्या बाजूला सरकली. इथे सगळे नाचायला लागले, मी मात्र फोनकडे धावले. तुला फोन लावला, बंद. परत लावला, बंद. तुमच्याकडची वीज गेलीय म्हणे, म्हणजे तुझा फोन मेलेला असणार. आणि तू काय करत असशील ते मला इथून दिसतंय. वरच्या खोलीत, पत्र्याखाली, खिडकी घट्ट लावून, खिडकीवर ओली चादर टाकून, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पडली असशील. आणि कुणी दार वाजवलं की आतूनच ओरडत असशील, मला काही धाड भरलेली नाही, जा आपापल्या कामाला.

मला बोचक्याला, म्हणजे तुझ्या नातीला, घेऊन या उन्हात प्रवास करायची हिंमत नाही. पण आमच्या लाँड्रीचा टेम्पो आज हॉस्पिटलच्या चादरी घेऊन तुमच्या रस्त्याने जातोय. ड्रायव्हरला सांगितलंय, तुझ्या इमारतीखाली जो कोणी पहिला भेटेल आणि ज्याला वाचता येतं, त्याच्या हातात हे पत्र दे.

आता माझ्या दोन अटी आहेत. पहिली, हे पत्र वर बसून ऐकायचं नाही. खाली उतर. जिन्यामागे सायकली ठेवतात ती जागा आहे ना, जिथे फरशी कायम गार असते, तिथे खुर्ची टाकून बस. गुडघे दुखतात म्हणशील. दुखू देत, माझ्यासाठी दुखू देत. दुसरी अट, हातात पाण्याचा पेला घेऊन बस. मी सांगीन तेव्हा प्यायचं. नाही प्यालीस तर वाचणाऱ्याने पुढचं वाचायचं नाही, तिथेच थांबायचं.

बसलीस? आता बातमी ऐक. आई, आम्ही जिंकलो. पूर्ण लाट आमच्या अंगावरून गेली आणि या इमारतीतलं एकही माणूस गेलं नाही. एकही नाही.

तुला वाटेल त्यात काय एवढं. गेल्या वर्षीचं मी तुला धड सांगितलंच नव्हतं, माझं पोट तेव्हा दिसायला लागलं होतं आणि तू काळजी करशील म्हणून. आमच्या शेजारच्या खोलीत शिंपीकाका राहतात, त्यांची बायको गेल्या वर्षीच्या लाटेत गेली. काका दुकानात होते. ती दुपारी दार लावून झोपली आणि उठलीच नाही. आजारी नव्हती, काही नव्हतं. माझी आणि तिची भिंत एक. मी भिंतीच्या अलीकडे बसून पोटातल्या लाथा मोजत होते, आणि पलीकडे ती एकटी. आवाज नाही, हाक नाही. ऊन माणसाला असं गुपचूप नेतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं ऊन म्हणजे रस्त्यावर चक्कर येऊन पडणं. घरात, अंथरुणात, बंद दाराआड येतं ते कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून यंदा लाट येणार असं ऐकलं तेव्हापासून माझा जीव टांगणीला.

आता दोन घोट पी. पी गं.

आमची इमारत तू पाहिलेली नाहीस म्हणून सांगते. तळमजल्यावर लाँड्री. पुढे इस्त्रीची टेबलं, तिथे तुझा जावई उभा असतो. मधे धुण्याची मशिनं. मागे वाळवणीची खोली, तिथे मी. आणि सगळ्यात मागे, अर्धी जमिनीत गेलेली, स्वच्छ चादरींची कोठी. वर आमच्या सगळ्यांच्या खोल्या, आणि सगळ्यात वरची, जिच्या डोक्यावर नुसता पत्रा, ती आमची. कामावर आमची मुकादमीण आहे, तिला सगळे मागून फौजदार म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही. बाळंतपणानंतर मी कामावर परत गेले तेव्हा तुझ्या नातीला चादरीत गुंडाळून नेलं, तर फौजदार म्हणाली, हे बोचकं कुठे टाकायचं, धुवायला की इस्त्रीला? झालं. तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. तू ठेवलेलं सुंदर नाव फक्त दवाखान्याच्या कागदावर आहे.

तर लाट आली आणि मी काय केलं असेल? तुझी लेक मी. लहानपणी तू खिडकीला ओली चादर लावायचीस आणि आम्ही तिच्याखाली झोपायचो तेव्हा किती गार वाटायचं, ते मी सगळ्यांना ऐकवलं. आणि आमच्याकडे चादरींना काय तोटा! फाटक्या, डागाळलेल्या, हॉस्पिटलने टाकून दिलेल्या, ढिगाने पडल्यात. अख्ख्या इमारतीने माझं ऐकलं. प्रत्येक खिडकीला ओली चादर, प्रत्येक दाराला ओली चादर, बोचक्याच्या पाळण्याला चारी बाजूंनी ओल्या चादरी. आणि पहिले काही दिवस खरंच छान गेले गं. सुकी, भाजून काढणारी हवा होती, चादरीतून आत आली की गार होऊन यायची. मी मिरवत होते. आमच्या आईची युक्ती, आमच्या आईची युक्ती. फौजदारसुद्धा म्हणाली, तुझ्या आईला मुकादमीण करायला हवं, तुला नको.

मग हवा बदलली. आभाळ भरून आलं, पण पडेना. वारा मेला. आणि अंगाची नुसती चिकचिक. रात्री तरी उतरेल म्हणावं तर रात्रही तशीच तापलेली. आम्हाला वाटलं, गरम वाढलंय तर चादरी वाढवा. खिडक्या आणखी घट्ट लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. असली चूक फक्त लाँड्रीवालेच करू शकतात, ज्यांच्याकडे चादरी संपत नाहीत.

बोचकं आधी रडत होतं. मग रडायचं थांबलं. मला, मूर्खाला, बरं वाटलं, म्हटलं झोपलं. अंगावर घेतलं तर ओढेना. मान अशी ढिली, हात सोडला की पडतोय. लंगोट सकाळपासून कोरडा. अंग तव्यासारखं. आई, मला त्या वेळी शेजारची भिंत दिसायला लागली. 

पण हाताला सवय असते बघ. मी दिवसभर तेच करते, चादरीला हात लावायचा आणि वाळली की नाही सांगायचं. बोचक्याला उचलायला वाकले तर माझा हात पाळण्याच्या चादरीला लागला. सकाळी टाकलेली चादर, आणि अजून ओलीचिंब! एवढ्या उकाड्यात चादर वाळेना? वाळवणीच्या खोलीत असं झालं तर आम्ही काय करतो? झडप उघडतो, पंखा बघतो. कारण आतली हवा पाण्याने गच्च भरली की ती चादरीतलं पाणी घेतच नाही. आणि मला एकदम लख्ख दिसलं. जी हवा चादरीतलं पाणी घेत नाही, ती माझ्या लेकराचा घाम तरी कशी घेणार? घाम वाळला नाही तर अंग निवणार कसं? आम्ही खोली थंड करत नव्हतो, आई. आम्ही पोर वाफेवर ठेवली होती.

मी त्या चादरी अशा ओढल्या की पाळण्याचा दांडा निखळला. खिडकी उघडली, आणि बोचक्याला उराशी धरून जिना उतरत सुटले, ओरडत. काय ओरडत होते कुणास ठाऊक. तुझा जावई म्हणतो मी ओरडत होते, चादरी काढा, चादरी काढा. त्याला वाटलं वर आग लागली. तो इस्त्री तशीच सोडून धावला, आणि हॉस्पिटलच्या एका गाउनला इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं. ते आम्ही भिंतीवर लावून ठेवलंय.

थांब. पाणी पी. तुझी नात ठणठणीत आहे, आत्ता माझ्या मांडीवर बसून हा कागद ओढतेय, तेव्हा निवांत पी.

कोठीत नेलं. तिथली फरशी गार. फौजदारने वाळवणीचा मोठा पंखा दोन माणसांकडून ओढत आणवला, कोठीची दोन्ही दारं उघडली, म्हणजे हवा एकीकडून येऊन दुसरीकडून जाईल. बोचक्याचे सगळे कपडे काढले. मी ओल्या फडक्याने पुसतेय आणि पंखा ते वाळवतोय, परत पुसतेय, परत वाळतंय. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून नर्सताईला आणलं. तिने तपासलं, म्हणाली, अगदी बरोबर करतेयस, थांबू नकोस. पाणी पाजू का विचारलं तर म्हणाली, आत्ता पाणी नको, आधी तुझंच दूध, आणि पाणी तू पी. घोट घोट नाही, पोटभर पी. आठवतंय, पेला माझ्या तोंडाला लावून ती उभी आणि मी रडत पितेय. मग बोचक्याने ओढलं. आधी थोडं, मग जोरात. आणि मग, आई, तुला काय सांगू, ते नर्सताईच्या मांडीवर होतं, आणि त्याने तिच्या पांढऱ्या एप्रनवर असं भरभरून मुतलं! नर्सताई ओरडली, मुतलं, मुतलं! आणि कोठीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात कुणाच्या मुतण्यावर इतक्या टाळ्या पडल्या नसतील. फौजदार म्हणाली, एप्रन द्या ताई, धुऊन देते, आज फुकट.

तिथून आम्ही शहाणे झालो. नर्सताई सगळ्यांना घेऊन बसली. म्हणाली, आता ऊन पूर्वीचं राहिलेलं नाही. पूर्वी सुकं असायचं आणि रात्री माणसाला श्वास घेऊ द्यायचं. आता ओलं येतं, मुक्काम टाकतं, रात्रीही सोडत नाही. तिने विचारलं, ओल्या चादरी कधी ठेवायच्या आणि कधी काढायच्या हे तुमच्या लोकांना कसं कळणार? तर तुझ्या जावयाने डोकं चालवलं, म्हणाला, रुमाल. प्रत्येक दारात चिमट्याने एक ओला रुमाल टांगायचा. चहा उकळून पिऊन होईस्तोवर तो सुकायला लागला तर ओली चादर चालेल, हवा येत राहील एवढी फट ठेवून. रुमाल तसाच ओला राहिला तर चादरी काढा, खिडक्या उघडा आणि कोठीत उतरा. नर्सताईला ते इतकं आवडलं की तिने दवाखान्याच्या दारातही रुमाल टांगला. आता अख्ख्या गल्लीत रुमाल लटकताहेत.

मालकाशीही बोललो. म्हणजे फौजदार बोलली, आम्ही मागे उभे राहिलो. बॉयलर आणि इस्त्री पहाटे, दुपारी सगळं बंद, हे त्याने मानलं, कारण इस्त्रीवरची माणसं टेबलावरच डोकं टेकायला लागली होती. तुझा जावई दिवसभर पाणी पीत नव्हता, का तर संडास मागच्या गल्लीत आणि गेलं की काम तुंबतं. लघवी चहासारखी होत होती आणि बोलला नव्हता, घुम्या. नर्सताईने सगळ्या इस्त्रीवाल्यांना झापलं, मूत्रपिंडं काय भाड्याची आणलीत का? आता टेबलाशेजारी पाण्याचा माठ आहे आणि जाण्याची रजा विचारायची नाही असा फौजदारचा हुकूम आहे. पत्र्याला वरून चुना मारला. सगळे चढले होते, मी बोचक्याला घेऊन खालून शिव्या देत होते, पडाल, पडाल. पांढरा झाल्यावर पत्र्याखाली हात धरून बघितला, फरक कळतो गं.

अवघड होते ते शिंपीकाका. बायको गेल्यापासून त्या खोलीतून हलत नव्हते. रुमाल ओला, काका दार उघडेनात. आतून म्हणतात, मी मेलो की कळवतो. फौजदार दारात कमरेवर हात ठेवून म्हणाली, मेल्यावर तुम्हाला हा जिना उतरवायचा कुणी? वळणावर खाटसुद्धा मावत नाही. आत्ताच स्वतःच्या पायांनी उतरा, आमचे कष्ट वाचवा.  मग आतून हसू आलं, खोकल्यासारखं. दार उघडलं. कोठीत येऊन चादरींच्या गठ्ठ्यावर बसले, बोचक्याला मांडीवर घेतलं आणि नुसते वारा घालत राहिले. हळूच मला म्हणाले, तिच्या दारावर कुणी असं कमरेवर हात ठेवून उभं राहिलं असतं तर.  मी त्यांच्या हातात पाणी दिलं, ते प्याले.

तूही पी.

आणि काल वारा फिरला. खरा, अंगावर काटा आणणारा वारा. दारादारातले रुमाल फडफडायला लागले. फौजदार जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहिली आणि खोलीखोलीची हजेरी घ्यायला लागली, शाळेत घेतात तशी. वरून एकेक उत्तर येतंय. आहे. आहे. आम्ही दोघं आहोत. शिंपीकाका म्हणाले, हजर, बाई! सगळे खो खो हसले. माझी पाळी आली तर मी बोचक्याचा पाय चिमटला आणि ते भोकाड पसरून बोललं आमच्यातर्फे. शेवटची खोली आली आणि आहे म्हणाली. मग फौजदारने एप्रन तोंडावर घेतला आणि ढसाढसा रडली. फौजदार! आम्ही सगळे जिन्यावर बसून राहिलो, कुणाला वर जावंसंच वाटेना. आई, मला आयुष्यात कधी इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं नाही. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. पण माझ्या लेकराला मी ओढून परत आणलं, आणि या सगळ्यांनी मला धरून ठेवलं.

तुझी युक्ती चुकीची नव्हती. ती त्या उन्हासाठी बरोबर होती, त्या उन्हात तू आम्हाला वाढवलंस. ऊन बदललंय, तू नाही. म्हणून खिडकीवरची चादर उतरव. खिडकी उघड. आणि दुपारभर खालीच राहा, माझी शपथ आहे तुला. बोचक्याच्या दोन पाप्या. एक ओली, एक वाळलेली.

तुझीच,
टिल्ली

हे पुढचं मोठ्याने वाचू नका. हे तुमच्यासाठी आहे, तुम्ही जे कोणी आहात त्यांच्यासाठी. एवढं लांबलचक पत्र मी लिहिलं कारण माझी आई कुणाला जवळ बसू देत नाही, मदत तर नाहीच नाही. पण गोष्ट असली की हलत नाही. म्हटलं, गोष्ट जितकी लांबेल तितका वेळ ती पत्र्याखालून बाहेर राहील, पाणी तिच्या पोटात जाईल, आणि कुणीतरी तिच्या समोर बसलेलं असेल. आता तिच्याकडे नीट बघा. पेला धरताना हात कापत होता का? मुतण्याच्या गोष्टीवर हसली का? तिने हसायलाच हवं. बोलणं अडखळतंय, भलतंच बोलतेय, झापड येतेय, कातडी तापलीय, असं काही असेल तर आधी अँब्युलन्स बोलवा आणि ती येईस्तोवर कपडे सैल करून अंगावर पाणी मारा, दारं उघडा, वारा घाला. घाम येतोय म्हणजे ठीक आहे असं समजून थांबू नका. यातलं काही नसेल तर तुम्ही वेळेत, देवासारखे आलात. पण तुम्ही गेलात की ती परत वर जाणार, मला ठाऊक आहे. माझं ऐकणार नाही, तुमचंही नाही. ती एकाच माणसाचं ऐकते, माझ्या भावाचं. तो तिच्यापासून तासाभरावर राहतो आणि त्याच्या घराला पक्कं छप्पर आहे. माझ्या लग्नापासून तो माझ्याशी बोलत नाही. त्याचा नवा नंबर त्याने मला दिला नाही, मीही मागितला नाही. तो नंबर आईच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवलेला आहे. त्याला सांगा, बहिणीने निरोप दिलाय. माझ्यावरचा राग ठेव, हवा तितके दिवस ठेव, पण आईला आज घेऊन जा. आम्ही इथे एकही माणूस जाऊ दिलेलं नाही, आता हिला जाऊ द्यायचं नाही. मी तुमच्या पाया पडते, तुम्ही कोणी का असेना, हा कागद खाली ठेवा आणि माझ्या भावाला फोन करा.